अर्ध्या उंचीचं कार्ड

नातवंडांनो, नवा लॅपटॉप पाठवतो, जुना संगणक भंगारात दे, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मी विषय बदलला. आज सकाळपासून सावित्री नदीचं पाणी चढतंय. दोनदा गच्चीवरून पाहून आले. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की संगणक पुन्हा माळ्यावर जाईल, आणि या वेळी तो चढवणारे हात कदाचित माझे नसतील. म्हणून त्याच्यातल्या एका कार्डाबद्दल आत्ताच लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांनी लिहिलेल्या आठवणी त्या संगणकात आहेत, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. दुसरीकडे उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसती कंस-टिंबांची गर्दी दिसते. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी एका पुरात गेली. छापून घेऊ, छापून घेऊ म्हणत राहिलो आणि आजोबा गेले.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पडदा काळा पडला. पोलादपूरहून दुरुस्तीवाले आले. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करायचे. म्हणाले, दमटपणाने मुख्य बोर्डावरचा चित्र दाखवणारा भाग गेलाय, बाकी ठीक आहे. साधंसं ग्राफिक्स कार्ड घाला. दोन दिवसांनी ते कार्ड घेऊन आले तेव्हा मी आधी खोका मागितला आणि त्यावरचं सगळं वाचलं. दोन जीबी मेमरी. वीज तीस वॅटच्या आत, म्हणजे वेगळी वायर नको, आपला जुना पॉवर सप्लाय पेलेल. पंखा नाही. उंची निम्मी, आणि आपल्या अरुंद कॅबिनेटसाठी आखूड पट्टी सोबत. मागे तीन जोडण्या, त्यातली एक जुन्या मॉनिटरच्या निळ्या पिनेची.

"बाई, कार्ड घेताय की सून बघताय?" ते म्हणाले.

"सून बघताना एवढं वाचायला मिळालं नव्हतं." हे तुमच्या आईला सांगू नका.

कार्ड बसलं, पडदा उजळला. आजोबांचं पहिलं पान मी उभ्यानेच वाचलं.

महिन्याभरात भोंगा वाजला. आपल्याकडे प्रत्येक वस्तूची माळ्यावरची जागा ठरलेली असते. संगणकाच्या प्रत्येक वायरीवर आणि तिच्या खाचेवर मी फार पूर्वी आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, म्हणजे घाईत काढलं तरी बिनचूक जोडता यावं. घरकामाला येणाऱ्या दासगावच्या मावशींनी आणि मी सगळं वर नेलं. पाणी दुसऱ्या पायरीला लागून परतलं. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या बघून एकेक वायर जोडली. एकला एक, दोनला दोन, तीनला तीन.

पडदा काळाच. कोपऱ्यात इंग्रजीत एवढंच, की सिग्नल नाही.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. रस्त्यावर दरड आली होती, दुकानात चिखल होता. "चार दिवस तरी नाही जमायचं, बाई." पुढच्या दोन दिवसांत मी काय केलं नाही? बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. खोका काढून परत वाचला. माळ्यावरून उतरवताना कॅबिनेट जिन्याच्या कठड्याला लागलं होतं. तो आवाज सारखा कानात येई. जेवताना मध्येच उठून जायची.

"बाई, बसा गो जरा," मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. मग कॅबिनेटच्या मागे वाकून बघत राहिल्या. "ही निळी तार आपण काढली तवा खाली व्हती. आता वर हाय."

"तीन नंबर वरच आहे, मावशी. चिठ्ठी बघा."

"चिठ्ठी जुनी हाय. कार्ड नवीन नाय का?"

मी वाकून पाहिलं. वरची खाच मुख्य बोर्डावरच्या त्या मेलेल्या भागाची होती. कार्ड आल्यावर चिठ्ठी हलवायची मला सुचलंच नव्हतं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, स्वतःची मात्र राहिली. वायर मावशींनीच खाली लावली.

आता तीन नंबरची चिठ्ठी कार्डाच्या खाचेवर आहे. वरच्या खाचेत कापूस कोंबलाय. आजोबांची पानं मी रोज थोडी नव्या फॉन्टमध्ये उतरवतेय, निम्मी व्हायची आहेत. अजून तरी कार्ड चालतं, फाईल उघडते, आणि आजोबांचं सगळं लिखाण वाचता येतं.