मिलोय्काचं आभाळ आणि युस्टिनाचं फडकं

मिलोय्काने आयुष्यभर आमच्या खेड्यात पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर ती रंगीत खडू घेऊन आभाळाच्या मागे लागली. हे खडू शाळेतले नव्हेत. लोण्यासारखे मऊ, बोटाला लागले की जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येणारे. तिच्या नवऱ्याने किती निळा पाव खाल्ला असेल! रंग पक्का करणारा फवारा ती चित्रावर कधीच मारत नाही. त्याने म्हणे ढग मलूल होतात.

गेल्या शरदात झोर्को आजोबा वृद्धाश्रमात जायला निघाले. तिथल्या खिडकीतून नुसती भिंत दिसते, म्हणून त्यांनी मिलोय्काकडे आमचा नानोस डोंगर मागितला, ढगांची टोपी घातलेला. ती टोपी दिसली की बुर्या वारा सुटणार, हे गावाला सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

चित्र झालं. युस्टिनाचा नवरा काच आणि चौकट बसवणार, म्हणून ते तिच्या घरी गेलं. युस्टिना म्हणजे पाहुणा पुरता उठायच्या आत त्याची खुर्ची पुसणारी बाई. तिला चित्रावर धूळ दिसली. तिने पुसली. टोपी गेली, तिच्यासोबत डोंगराचा माथाही गेला. आणि आजोबा तर दुसऱ्याच दिवशी निघणार.

मी मिलोय्काकडे कॉफी पीत होतो, तेव्हा युस्टिना चित्र छातीशी धरून आली. स्वयंपाकाच्या एप्रनने डोळे पुसत होती.

"मी धूळ पुसली गं. सगळी धूळच होती ती."

मिलोय्काने चित्र घेऊन टेबलावर आडवं ठेवलं. मग तिने पांढरा खडू पुढे केला.

"हात चांगला चालतो तुझा. फक्त फडकं ठेव आणि बोटाने पूस."

डोंगर मिलोय्काने उभा केला, टोपी युस्टिनाने. जीभ बाहेर काढून ती ढग असा घोटत होती, जणू करपलेली कढईच घासतेय. संध्याकाळी आजोबांना बोलावलं. त्यांनी मान तिरपी करून पाहिलं.

"टोपी जड आहे. मोठा बुर्या येणार."

मग त्यांनी दोघींचे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. सकाळी माझ्या गाडीत बसले, तेव्हाही त्यांच्या तळव्यांवर ढग होता. धुवायचं त्यांनी मुद्दामच टाळलं होतं.

आता ते रोज सकाळी सगळ्या वृद्धाश्रमाला बुर्या येणार असल्याचं सांगतात. कधीतरी येतोही. युस्टिना दर रविवारी भेटायला जाते. टेबल पुसते, खिडकी पुसते, आजोबांचा चष्मासुद्धा पुसते. चित्रापाशी आली की फडकं खिशात घालते. चित्रावर काच आहे, तरीही.