शनिवारी आणलेलं ऑईल

गाडीखाली पाठीवर पडून ऑईल काढायची हौस मला कधीच नव्हती. पण रविवारी पहाटे कोयनानगरला जायचं ठरलं होतं, आणि आमचा गॅरेजवाला नेमका कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. पिकअपचं ऑईल बदलायचं कधीचं राहून गेलं होतं. तशीच गाडी सामान भरून घाटात घालायची म्हणजे इंजिनाच्या जिवाशी खेळ. सामान माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती उंब्रजला आमच्याकडे कायमची परत येणार होती. तो रविवारी सकाळी गावाला जाऊन दुपारी परतणार होता. तेवढ्या वेळात तिला तिथून काढायचं, असं आम्हा दोघांचं फोनवर ठरलं होतं.

शनिवारी दुपारी गाडी अंगणात घेतली. ऑईलच्या चेंबरचा नट मागच्या वेळी कुणी कुठल्या जन्माचं वैर काढून आवळला होता कोण जाणे. पाना दोनदा निसटला, बोटांची सालटी निघाली, तेव्हा कुठे तो हलला. काळंकुट्ट ऑईल घमेल्यात कमी आणि माझ्या कोपरावर जास्त आलं. नट बसवला, फिल्टर बदलला, शुक्रवारीच आणून ठेवलेला कॅन सगळा ओतला. ऑईल मोजायची पट्टी काढून बघतो तर ऑईल खालच्या खुणेलाही टेकलेलं नाही. घाईघाईत लहान कॅन उचलून आणला होता. चूक माझीच, पण राग दुकानदाराचा आला.

मोटारसायकलची चावी मागायला घरात गेलो, तर आई आडवी आली. शनिवारी तेल विकत आणायचं नसतं. आमच्या घरची ही रीत मलाही पाठ आहे, म्हणून तर कॅन आदल्या दिवशी आणला होता. पण ती रीत खायच्या तेलाची, हे इंजिनाचं, असं परोपरीनं सांगून पाहिलं. तिचं एकच, तेल ते तेल. चावी तिनं कनवटीला खोचली. माझं डोकं फिरलं. मागच्या शनिवारी पाहुणे आले तेव्हा भज्यांसाठी तिनंच मला तेलाची पिशवी आणायला पिटाळलं होतं, ते मी तिला तोंडावर ऐकवलं.

तिनं कनवटीची चावी आणखी आत खोचली. मग म्हणाली, "गाडी गेली की ती येणार. एकदा सामान हाललं म्हंजी परत कोण नांदवून घेतंय तिला? एक दिस थांबलास तर काय बिघडंल?"

एक दिवस थांबलं की बहिणीचा नवरा घरी असणार, हे आईलाही ठाऊक होतं. मला तिची कीव आली नाही, नुसता संताप आला. त्याच बरबटलेल्या हातांनी हायवेपर्यंत पायी गेलो आणि कमी पडलेलं ऑईल घेऊन आलो. तिनं अडवलं नाही, पण रात्री माझं ताटही वाढलं नाही. पहाटे गाडी काढली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. जागी होती, हे मला कळत होतं.

घाटभर मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. कोयनानगरच्या वसाहतीत पोचलो तेव्हा बहिणीनं गाठोडी बांधून दारात मांडली होती. तिनं पहिलं हेच विचारलं, "दादा, आई काय म्हणली?"

"तिनंच धाडलंय मला," मी म्हणालो.

ती जराशी हसली. "काल सांजच्याला तिचा फोन आलता. गाडी बिघडल्या, तू हाईस तितंच ऱ्हा म्हणली."

तिनं पदर खोचला आणि पहिलं गाठोडं स्वतःच उचलून गाडीत टाकलं.