ठोकायचं नाही, ओढायचं

माझं पहिलं फील्ड पोस्टिंग लडाखमध्ये, चौदा हजार फुटांवरच्या लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये होतं. हुद्दा क्राफ्ट्समन, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. सकाळी सहाला फॉल-इन, साडेसातला गाड्यांखाली. थंडीत पाना बोटांना चिकटायचा. आमचे उस्ताद हवालदार परब आरोंद्याचे, म्हणजे माझ्याच गावचे. त्यामुळे शिव्या मालवणीत मिळायच्या, एवढीच काय ती सवलत.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका ट्रकचा हार्मोनिक बॅलन्सर हातोड्याने बसवायला घेतला. हे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य आसाच्या, टोकावरचं जड चाक. आत लोखंड, बाहेर लोखंड, मधे रबराची कडी. इंजिनाची थरथर ते रबर गिळतं. सहाव्या ठोक्याला रबर सुटलं.

"हातोडो खाली," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, बसतच आला होता."

"बसलो नाय, मेलो. ठोकूचो नाय, ओढूचो."

शिक्षा म्हणून पुढचा आठवडा मी स्टोअरमध्ये नट मापाप्रमाणे लावत बसलो.

त्याच हिवाळ्यात, एका दुपारी १४१० वाजता, उस्ताद रिकव्हरीची गाडी घेऊन गेले. रेडिओ सेटवर मी होतो.

"बेस, मोबाईल वन. अडकलेली गाडी दिसली. दोर लावतो. ओव्हर."

"मोबाईल वन, बेस. रॉजर. ओव्हर."

त्यानंतर दरड आली. मी अकरा वेळा हाक मारली. अडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर जिवंत निघाला. उस्ताद नाही.

आता मी निवृत्त होऊन गावीच असतो. यंदा सावंतवाडीत, ते शिकले त्या शाळेत, त्यांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. वेळ सकाळी अकरा. त्यांची आई ऐंशीच्या पुढची; कमरेमुळे तिला रिक्षा सोसत नाही. शाळा गाडी पाठवायला तयार होती. मी छाती फुगवून सांगितलं, "मेकॅनिकाच्या दारात गाडी असताना?" दोन दिवसांनी माझ्याच गाडीचा बॅलन्सर डुगडुगायला लागला. नवा मिळाला तो समारंभाच्या आदल्या संध्याकाळी.

समारंभाच्या दिवशी ०६०० वाजता घरासमोरच्या खळ्यात ताडपत्री अंथरली. रेडिएटर मोकळा केला, जुना बॅलन्सर पुलरने ओढून काढला. नवा जरा गरम केला की भोक किंचित फुगतं आणि चाक सहज सरकतं. म्हणून तो चुलीवरच्या गरम पाण्यात सोडला. टोप कुठला घेतला, ते पाहिलं नाही.

"अवो, माज्या पेजेच्या टोपात ह्यां काय शिजता?" बायको दारातून ओरडली.

"इंजिनाचो पार्ट."

"मगे आज तोच जेवा."

०७२०. सीलच्या ओठाला तेल लावलं, चाकाची खाच क्रँकशाफ्टवरच्या चावीसमोर धरली आणि बॅलन्सर हाताने दाबला. अर्ध्यापर्यंत गेला. चाक ओढून बसवायचा, आटे असलेला दांडा बाजूलाच होता. पण तो नवशिक्यांसाठी, असा माझा समज. मी ऐटीत चहा घेतला. तेवढ्यात चाक निवलं आणि तिथेच आवळून बसलं.

०८०५ ला उस्तादांची आई आली. नऊवारी, केसांत अबोली. पडवीत बसली.

"झिला, गाडी तयार आसा?"

"पाच मिनिटां, आये."

पाचाची वीस झाली. तासाभरात निघालो नाही, तर तिच्या मुलाच्या दगडावरचा पडदा तिच्याविना उघडणार होता, माझ्या बढाईमुळे. हात हातोड्याकडे गेला. उचललासुद्धा.

"तो खाली ठेव," आई म्हणाली. "माजो झील रजेवर इलो की पयलो हातोडो माका लपवूक सांगी."

"कित्या?"

"इहिरीच्या पंपाची पुली ठोकून ठोकून त्येणा फोडलेली. बापाशीन काठी घेतल्यान. हो माडावर चडान बसलो."

मी तिथेच मांडीवर थाप मारून हसलो. ज्या माणसाने मला आठवडाभर नटांत बसवलं, तो स्वतः माडावर! हातोडा तिच्या मांडीवर ठेवला. दांडा क्रँकशाफ्टच्या टोकात पुरता फिरवला, वॉशर लावलं आणि नट आवळत गेलो. पाव फेरा, थांबा. पाव फेरा, थांबा. चाक केसाकेसाने आत सरकलं आणि टेकलं. मग दांडा काढून मधला बोल्ट. त्यासाठी क्रँक फिरता कामा नये. गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि बायकोला ब्रेकवर बसवलं.

"दाबून धर!"

"टोपाचा काय ता आदी बोला!"

"नवो देतंय! दाब!"

हवा तेवढा आवळला गेला, तसं टॉर्क रेंचने टक् केलं. पट्टा चढवला, रेडिएटर बसवून पाणी भरलं. ०९२० ला चावी फिरवली. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. सांगायला हरकत नाही, इतकं नेटकं काम मी वर्कशॉपमध्येही क्वचित केलं असेल.

१०४० ला शाळेच्या फाटकात होतो. अकराला पडदा सरला. काळा दगड, त्यावर हुद्दा, नाव, गाव. आईला वाचता येत नाही.

"नाव खंय आसा?"

मी तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. ते शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं, परत आलं.

"बारीक लिवल्यानी रे," ती म्हणाली. "माजो झील काय बारीक नाय होतो."

सहा फूट दोन इंच. मी टाचा जुळवल्या आणि सावधान उभा राहिलो.