दोन बोटं उतार

"प्यायला दिलेलं पानी मातीत वततीस व्हय गं? तहान न्हाई तर खणाय लाग."

अण्णा माझ्या आईला बोलले. सगळ्यांसमोर. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या पाणलोट समितीचे अध्यक्ष. वयानं आईपेक्षा लहान. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या डोंगरावर त्या उन्हाळ्यात पाणी अडवायला चर खणायचं काम चाललं होतं. प्यायच्या पाण्याचा ड्रम सावलीला ठेवलेला. बाकीच्यांना पेला. आमच्या बौद्धवस्तीतल्यांना ओंजळ, वरून कुणीतरी ओतायचं. हे अजून आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे.

आईनं ओंजळ भरून घेतली आणि प्यायली नाही. तशीच चालत गेली आणि नव्या चरात सोडली. पाणी जागेवर थांबायला हवं होतं. ते उजवीकडं पळालं. त्या टोकाखाली आमचं भाताचं खाचर.

"बघा अण्णा," आई म्हणाली. "आता पाऊस दमानं पडत न्हाई. जून कोरडा जातुया आन् मग एकदम कोसळतुया. ह्यो चर समद्या डोंगराचं पानी आमच्या भातावर आणून सोडंल."

तिचं बरोबर होतं. चर डोंगराला आडवा, एका पातळीत हवा. पण मध्ये पुण्याच्या कुणाच्या तरी फार्महाउसचा रस्ता येत होता. तो उकरायला नको म्हणून अण्णांनी चराच्या आखणीची पांढऱ्या फक्कीची रेघ खाली वळवली होती.

"पान्याचं आमी बघतो," अण्णा म्हणाले. "तू कुदळ चालव." मग माझ्याकडं वळले. "काय म्याडम, बरोबर हाय ना लेव्हल?"

माझ्या हातात ए-फ्रेम होती. दोन काठ्या, एक आडवी पट्टी, मधोमध दोरीला टांगलेला दगड. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की जमीन एका पातळीत. हे काम काढणाऱ्या संस्थेच्या लोकांनी मला हे शिकवलं होतं, कारण मी पौडला कॉलेजात जाते. आमच्या घरातली पहिलीच. मला गावात तोवर कुणी म्याडम म्हटलं नव्हतं.

दोरी खुणेच्या उजवीकडं होती. दोन बोटं. मला दिसत होतं.

"व्हय," मी म्हणाले.

आईनं ओले हात साडीला पुसले. कुदळ उचलली. तो चर तिनंच पुरा केला. तिचं खाचर बुडवणारा चर.

भाताची आवणी होऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी सात वाजता अंधारून आलं आणि पाऊस पडला नाही, ओतला. डोंगरातून आवाज यायला लागला. गडगडाट नव्हे. दगड दगडावर घासल्याचा. आम्ही पोचलो तोवर चर टोकाला फुटला होता. खाचरात गुडघाभर मुरूम आणि गोटे. आई त्यात उतरली आणि हातानं रोपं शोधायला लागली. सापडलेलं रोप धुवायची, बांधावर ठेवायची. फार्महाउसच्या रस्त्याला ओरखडाही नव्हता.

तो आवाज गेलेला नाही. वर्गात सर विचारतात, "समजलं का?" सगळे हो म्हणतात. मी हो म्हणायला जाते आणि दगड घासायला लागतात.

पंचनाम्याला तलाठी आले. अण्णा बरोबर. आम्हाला न विचारताच ते सांगत होते, "अतिवृष्टी लिवा भाऊसाहेब. हवामानच बदललंय, त्याला कोन काय करणार?" कागद माझ्यापुढं आला. "म्याडम, साक्षीदार म्हणून सही करा."

मी म्हणाले, "सही करणार नाही." मला भांडता येत नाही. "पाऊस जास्त झाला हे खरं. पण चराला उतार होता. ए-फ्रेम माझ्या हातात होती. दोरी सरकलेली मला दिसली होती. मी खोटं बोलले. हे लिहा."

तलाठी हळू आवाजात म्हणाले, "अगं पोरी, असं लिहिलं तर मदत अडकेल तुमची. ती अतिवृष्टीलाच मिळते."

मी आईकडं बघितलं. खाचर तिचं होतं. वर्षाचं भात तिचं होतं. ती गोटे उचलून बांधाबाहेर टाकत होती. वर न बघता म्हणाली, "लिवा भाऊसाहेब. ती सांगतीया तसं लिवा."

त्यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. कागद दुमडून गेले. मदत अजून आलेली नाही. अण्णा जाताना म्हणाले, "फुडच्या उन्हाळ्यात कामाला येशीला ना? तवा बघू."

आईची माफी मी मागितलेली नाही. ती "असू दे" म्हणेल, आणि ते मला ऐकायचं नाही.

उन्हाळ्यात काम निघेल. निघायलाच हवं. चर नसतील तर डोंगराची माती दरसाल खाली येईल आणि वर खडक उरेल. पण आखणी आई करणार. रेघ रस्त्यातून जात असेल तर रस्ता उकरायचा. नाहीतर आमच्या वस्तीतली एकही कुदळ डोंगरावर चढणार नाही. वस्तीतल्या बायकांशी बोलले आहे. अण्णांच्या दारात उभी राहून त्यांनाही सांगून आले आहे.