सात नंबरच्या डब्याची हजेरी

मी बावन्न वर्षांची आहे आणि माझं सगळं आयुष्य याद्यांवर चालतं. किराणा, मीटिंगा, औषधं... केलं की टिक, राहिलं की उद्याच्या पानावर. आत्मा वगैरे गोष्टींसाठी माझ्या वहीत कधी रकाना नव्हता. आजही नाही. फक्त एक नोंद कुठेच बसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी चंद्रपूरला एका संस्थेत काम करते. सिंदेवाहीच्या पुढे जंगलातल्या काही गावांत मोबाईलची रेंज नाही, म्हणून आम्ही तिथे मेश नेटवर्क बसवलं. प्रकार सोपा आहे. टॉवर नाही, इंटरनेट नाही. जेवणाच्या डब्याएवढं वायरलेस यंत्र आणि वर सोलरची छोटी प्लेट. एक डबा निरोप पुढच्या डब्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला... असं करत निरोप आरोग्य केंद्रात पोचतो. सहा नंबरचा डबा गावच्या अंगणवाडीत, सात तलावाच्या पाळीवर, आठ आरोग्य केंद्रात. सहा आणि आठच्या मध्ये टेकडी आहे, त्यामुळे ते एकमेकांना पकडूच शकत नाहीत. सगळी भिस्त सातवर.

सात सांभाळायचे शंकरभाऊ. तलावात मासेमारी करायचे, साठी उलटलेली. रोज सकाळी प्रत्येकाने बटण एकदा दाबून हजेरी लावायची, असा माझा नियम. शंकरभाऊ दोनदा दाबायचे. मी एकदा रागावले, तर म्हणाले, "एक माही हजेरी बाई, एक मशीनची. ऊनपावसात उभी हाय बिचारी पाळीवर. तिचा खाडा काऊन लावता?"

गेल्या पावसाळ्यात शंकरभाऊ गेले. ताप आला आणि दोन दिवसांत संपलं.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेले. पाळीवर पाहिलं तर सातची बॅटरी फुगलेली. मी डबा सोडवायला लागले, तशा त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणाल्या, "तेरवी होयेपर्यंत त्याच्या वस्तूले हात नोका लावू, बाई. जाळंबी तसंच हाय पाहा खुंटीवर."

"अहो, दुरुस्त करून लगेच आणते," मी म्हटलं आणि डबा पिशवीत टाकला. गाडी रेंजमध्ये आल्यावर वही काढली. डबा काढणे — टिक. बॅटरी मागवणे — फोन केला, टिक. सहाला कळवणे — अंगणवाडीत कुणाला तरी पाठवायचं होतं, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि ती टिक राहिली.

राहिलीच. पुढचे पाच दिवस गावात कुणालाच माहीत नव्हतं, की आपला निरोप कुठेही जात नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी अंगणवाडीच्या मंदाताईंचा फोन आला, तालुक्याच्या दवाखान्यातून.

"बाई, वाचली आपली वनिता!" वनिता म्हणजे शंकरभाऊंची सून. "धानाचा रोवणा चालू होता, बांधीत परड चावली, जहरी साप तो. मी डब्यावर निरोप टाकला न पाऊण तासात गाडी हाजर! डॉक्टर म्हनते, अजून उशीर झाला असता तं कठीण होतं. मोठ्ठं काम केलं बाई तुमच्या डब्यानं."

"कोणत्या डब्यावर टाकला निरोप?"

"कोनत्या म्हंजे? आपल्याच. सहाच्या."

मी उठून ऑफिसचं कपाट उघडलं. सात तिथेच होता. झाकण उघडं, आत दोन मोकळ्या वायरी. जुनी बॅटरी शेजारी कागदात गुंडाळलेली, नवी अजून यायची होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या इंजिनिअरला घेऊन निघाले. त्याने आरोग्य केंद्रातलं रेकॉर्ड काढलं. निरोपाचा रस्ता स्पष्ट होता — सहा, सात, आठ.

"मॅडम, तुमच्या यादीत काहीतरी चूक असेल."

"माझ्या यादीत?"

मग त्याने शक्यता मांडल्या. हवेमुळे सिग्नल लांब गेला असेल, तर मग रस्त्यात सात का? दुसऱ्या डब्याला चुकून सात नंबर पडला असेल, तर आम्ही सगळे डबे मोजले, सगळे आपापल्या नंबरावर. अंगणवाडीतून थेट आठला तीन वेळा निरोप टाकून पाहिला. तिन्ही वेळा अडकला.

परतताना कौसल्याबाईंकडे गेले. त्या मासोळी वाळवायच्या टोपल्या धूत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. सहाला कळवायचं राहिलं, तेही. वनिता गेली असती तर ते माझ्यामुळे, हेही.

त्यांनी हातातली टोपली पालथी घातली. मग म्हणाल्या, "मी म्हनलं होतं ना, हात नोका लावू? तेरवीपर्यंत मानूस घरीच रायते. आता आनून बांधा त्याचा डबा जागेवर."

बॅटरी आली तशी मी स्वतः जाऊन बांधला. तेरवीच्या आदल्या दिवशी.

स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. इंजिनिअर म्हणतो, मशीन कधी कधी चुकीचं लिहितं. लिहीत असेल. पण त्या रेकॉर्डची प्रिंट मी वहीत चिकटवली आहे, "सहाला कळवणे" या ओळीच्या खाली. त्या ओळीपुढे मी अजून टिक केलेली नाही, करणारही नाही. प्रिंटवर वनितासाठीचा निरोप दुपारचा आहे. त्याच दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेला, सात नंबरची हजेरी आहे.

दोनदा.