मास्तरांनी सोडवलेली सिगारेट

लाज म्हणे बायकांचा दागिना. आमच्या घरी तो दागिना नवऱ्याच्या अंगावर आहे, आणि चांगला वजनदार आहे. शिंपीकाम करतात, म्हणून सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. हात असा की नुसता खांद्याकडे पाहून माप सांगतील. पण कुण्या बाईच्या पँटचा एक पाय दोराभर लांब निघाला, की हा माणूस पडद्यामागे जाऊन बसतो नि मला पुढे ढकलतो. "तू सांग ना, तुझ्यावर ती बाई ओरडणार नाही." का नाही ओरडणार? मी काय तिची मावशी लागते? पण जाते मी. लग्न झाल्यापासून जातेच आहे.

दुकान खाली, आम्ही वर. दुकानाच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, त्या भाऊजींच्या. भाऊजी म्हणजे मास्तरांचे सख्खे धाकटे भाऊ. ऐन तरुणपणात त्यांचं डोकं बिघडलं. कानात आवाज यायचे, कुणीतरी शिव्या देतंय म्हणायचे, आणि मग भर रस्त्यात उभे राहून त्या न दिसणाऱ्या माणसाला उलट शिव्या घालायचे. दोनदा हॉस्पिटलात राहून आले. शेवटी एक गोळी लागू पडली आणि आवाज गप्प झाले. येताना तिथून सिगारेट मात्र घेऊन आले. वेळ घालवायला तिथे दुसरं काही नव्हतंच म्हणे. एक विझायच्या आत दुसरी, नि मधल्या वेळात खोकला.

सिगारेट सुटावी असं मास्तरांना फार वाटायचं. "त्याच्या छातीची काळजी वाटते गं," म्हणायचे. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. भाऊ पायरीवर बसून धूर सोडतो, स्वतःशी पुटपुटतो, आणि गिऱ्हाइकं मान वळवून बघतात, हे उरलेलं अर्धं. नवऱ्याला ओळखत नाही होय मी!

भाऊजींच्या डॉक्टरबाईंनीही विषय काढला होता. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण बोलायला शांत. म्हणाल्या, "सोडायची ठरवलीत तर आधी मला सांगा. आपण मिळून करू." मास्तरांनी दोनदा सांगितलंही. छाती फुगवून सांगितलं, की झालं, सोडली याने! आणि दोन्ही वेळा पुढच्या तपासणीला भाऊजींच्या शर्टाला धुराचा वास. डॉक्टरबाई नुसत्या "हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करू" म्हणाल्या. पण मास्तरांना ते इतकं लागलं की घरी येईपर्यंत माझ्याशीही बोलले नाहीत. "तोंडघशी पाडलं मला," एवढंच जिन्यात म्हणाले.

म्हणून तिसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं, की आता कुणाला बोलायचं नाही. पुरती सुटली की मगच सांगायचं. मला तर शपथच घातली. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरबाई आधी सांगा म्हणाल्या होत्या." तर म्हणे, "त्यांना काय, विचारायचं म्हणून विचारतात. सिगारेट सोडायला परवानगी लागते का कुठे?" मलाही ते पटलं. विष सोडायला कुणाला विचारायचं असतं थोडंच?

आणि खरं सांगते, मास्तरांनी जीव ओतला त्यात. तलफ आली की भाऊजींच्या हातात सुई-दोरा द्यायचे. "काज कर." काज म्हणजे बटणाचं घर, हाताने करायचं तर दोन्ही हात नि दोन्ही डोळे अडकून पडतात. खऱ्या शर्टांची काजं संपली की चिंध्यांवर करायला लावायचे. भाऊजी घामाघूम व्हायचे, चिडायचे, सुई फेकायचे. मास्तर सुई शोधून, दोरा ओवून पुन्हा हातात द्यायचे. आवाज चढवला नाही की तोंड वाकडं केलं नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्याशी असा कधी वागला असता तर! पण वाईट नाही वाटलं. बघत राहावंसं वाटायचं.

आणि सुटली हो! पायऱ्या रिकाम्या झाल्या, खोकला उतरला. मास्तर शिवताना गुणगुणायला लागले.

मग भाऊजी पेंगायला लागले. आधी दुपारचे, मग सकाळचेही. हाक मारली तर 'ओ' यायला वेळ लागायचा. जीभ जड झाली, उशी लाळेने भिजायची, जिना उतरताना भिंत धरायचे. "दादा, डोळे उघडत नाहीत रे," म्हणायचे. मास्तर म्हणायचे, "आळस आहे. सिगारेट गेली नि आता हे नवीन सोंग." गुणगुणणं बंद झालं. गिऱ्हाइकासमोर भाऊजींची मान कलली की यांचे कान लाल.

त्या दिवशी एक मुलगी कोट न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत, म्हणून थांबून राहिली होती. शेवटची इस्त्री भाऊजी फिरवत होते. मास्तर तिच्याशी बोलत असताना जळका वास आला. बघतात तर भाऊजी उभ्या-उभ्या झोपलेले, हात इस्त्रीवर, इस्त्री बाहीवर. मुलगी किंचाळली. मास्तरांनी इस्त्री उचलली, बाजूला ठेवली, आणि भावाच्या थोबाडीत मारली.

आवाज मला जिन्यात ऐकू आला. मी धावत खाली आले तर भाऊजी गालाला हात लावून उभे. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता, नुसती झोप होती. त्या झोपेतच ते त्या मुलीला म्हणाले, "माफ करा हं." मास्तर ओरडले, "उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही! लाज आणलीस!" ती मुलगी कोट तसाच टाकून निघून गेली. जाताना कोटाकडे बघितलंच नाही तिने, मास्तरांकडे बघत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उठेनात. हलवलं तर डोळे अर्धे उघडायचे नि मिटायचे. दोघांनी दोन्हीकडून धरून रिक्षात घातलं नि हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, रक्त घ्यायला सांगितलं, आणि मला विचारलं, "सिगारेट किती चालू आहेत?"

"सोडली त्यांनी," मी म्हटलं. "महिना उलटून गेला."

त्यांनी मान वर केली. "मला कुणी सांगितलं नाही!"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरचं घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पुरती सुटली की सांगणार होतो."

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. सिगारेटच्या धुराने ही गोळी अंगात लवकर संपते. म्हणून ओढणाऱ्याला जास्त द्यावी लागते. धूर थांबला की तीच गोळी अंगात साठत जाते, जड होते. आधी कळलं असतं तर तेव्हाच हळूहळू कमी करत आणली असती. "झोप, लाळ, तोल जाणं, हे सगळं गोळीचं आहे. यांचा काही दोष नाही," म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना सोसलं असतं. पण त्या भाऊजींच्या खाटेशी गेल्या, वाकल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही फार अवघड काम केलंत. इतक्या वर्षांची सवय सोडलीत. शाब्बास." आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं हो ते! महिनाभर आम्ही 'सुटली, सुटली' करत होतो, पण शाब्बास कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. भाऊजींनी कष्टाने डोळे उघडले आणि हसले. मास्तर पाणी आणतो म्हणून बाहेर गेले नि रिकाम्या हाताने परत आले.

भाऊजींना थोडे दिवस तिथेच ठेवून घेतलं. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं, "गोळी आता कमी केली आहे. पुन्हा ओढायला लागले तर ही गोळी अपुरी पडेल आणि ते आवाज परत येऊ शकतात. तलफ आली तर मला फोन करा, त्याचेही उपाय आहेत. ऐकलंत ना?" मास्तर म्हणाले, "हो, हो." पण मला दिसत होतं, या माणसाच्या कानांत त्या थपडेशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

घरी आल्यावर भाऊजी टवटवीत झाले. सकाळी माझ्याआधी उठून स्वतःचं अंथरूण आवरायचे. पण दुकानात उतरेनात. दादाने पाय ठेवू नको म्हटलं होतं ना, तर नाही ठेवला. मास्तर खाली मशीनवर, भाऊजी वर खिडकीशी, आणि मी जिन्यात वरखाली. "त्याला म्हणावं, काजं पडून आहेत." मी निरोप पोचवायची. भाऊजी म्हणायचे, "बरं." आणि बसून राहायचे. एकदा मी मास्तरांना फाडकन म्हटलंच, "तोंडाला काय टाके घातलेत? मारताना निरोप पाठवला होता का माझ्याबरोबर? जा की स्वतः!"

गेले. संध्याकाळी, दुकान उघडं टाकून गेले. मी मागोमाग होते, दारातच थांबले. मास्तर भावासमोर उभे राहिले. मग खिशात हात घातला आणि सिगारेटचं पाकीट काढून खाटेवर ठेवलं. भाऊजींचं नेहमीचंच.

"घे," म्हणाले. "ओढ एखादी. मी काही बोलणार नाही. तुला फार त्रास दिला मी."

मी पुढे झाले. अहो, काय करताय, म्हणणार होते, पण भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. पाकिटाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. तलफ तर होतीच, बोटं मांडीवर चाळवत होती. मग दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले नि त्यांवर बसले.

"दादा, मारलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आज तर माहीत होतं ना?"

मास्तरांची मान इतकी खाली गेली की चेहरा दिसेना. जागचे मात्र हलले नाहीत. पडद्यामागे पळणारा माणूस, पण त्या दिवशी भावासमोर तसाच उभा राहिला. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी गेले नाही.

"उचल ते," भाऊजी म्हणाले. "मला उचलायला लावू नकोस."