हिरामावशींची अष्टमी

"बाईला तारीख सांगता येत नाही आणि आपण नगरसेवकावर बातमी छापायची?" संपादकांनी माझी कॉपी टेबलावर टाकली.

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या दैनिकात महापालिकेचं बीट सांभाळते. हिरामावशी खाडीकाठच्या गावातल्या, मासे विकतात. मार्केटमधल्या ओट्याच्या कागदावर सही घ्यायला त्या नगरसेवकाच्या ऑफिसात गेल्या. तिथे त्यानं दार लावून हात धरला, असं त्यांचं म्हणणं. गाव मात्र त्यांनाच खोटं ठरवत होतं, ओटा काढून घ्यायचंही घाटत होतं.

कधी घडलं विचारलं की एकच उत्तर. "गेली वद्य अष्टमी. बारा वाजलेले."

ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी लागत नाही. मी पंचांगातून तारीख काढून खुलासा मागितला. नगरसेवकाच्या पीएनं तो लेटरहेडवर पाठवला. त्या दिवशी दुपारी बारा वाजता साहेब गावच्या जेटीवरून होडीनं खाडीच्या पाहणीला निघाले होते.

"संपला विषय," संपादक सर म्हणाले.

मला चैन पडेना. कागद मावशींना वाचून दाखवला. वाटलं रडतील. त्या चक्क हसल्या.

"अष्टमीला बाराला होरी? तवा जेटीला नुसता चिखल! भांगाचं पानी, म्हावरा नाय, म्हनून तं मी घरी व्हते. म्हनून सहीला गेले."

भांग म्हणजे भरतीला जोर नसलेले दिवस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. मी बंदराचं वेळापत्रक उघडलं. त्या तारखेची ओहोटी बारा वाजून काही मिनिटांनी! या बाईकडे घड्याळही नव्हतं.

पुढच्या अष्टमीला सरांना जेटीवर नेलं. दुपारचे बारा, आणि सगळ्या होड्या चिखलात बसलेल्या. सरांनी खुलाशाचा कागद काढून पुन्हा वाचला.

"आयला," ते म्हणाले, "आणि मी हिला तारीख विचारत होतो."

आम्ही आरोप, खुलासा आणि ओहोटीची वेळ एवढंच छापलं. खुलासा खोटा निघाला म्हणून आरोप आपोआप सिद्ध होत नाही, ते कोर्ट बघेल. पण पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि मावशींना ओट्यावरून उठवायला कोणी आलं नाही.

साहेबही त्याच गावचे. सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहायला गेले आणि पाणी विसरले. मी मात्र आता तक्रार घेऊन आलेल्याला आधी विचारते, तुम्ही दिवस कशावरून मोजता?